लेकराने तोंड उघडले तर



हुबळीच्या लॅमिंग्टन रोडवरून शाळा सुटण्याच्या वेळी जाणाऱ्यास रिक्षांत दाटीवाटीने बसविलेली मुले दिसतात. खेड्यांतील कुटुंबे शिक्षणासाठी मुलांना शहरात नातलगांकडे किंवा वसतिगृहात ठेवितात. अशा मुलाचा दिवस कोणाकोणाच्या हाती असतो, हे एकदा मोजून पाहावे. रिक्षावाला, शाळेचा शिपाई, शिकवणीचे मास्तर, वसतिगृहाचा रखवालदार, ज्यांच्या घरी राहावयाचे ते काका. यांतील बहुतेक सज्जन असतात. परंतु जो नसतो, त्याच्या कपाळावर तसे लिहिलेले नसते.

याच हुबळी शहरात १३ एप्रिल २०२५ रोजी पाच वर्षांच्या बालिकेला पळवून नेऊन ठार मारण्यात आले. संशयित परप्रांतीय होता; त्याच दिवशी तो पोलिसांच्या गोळीने मेला. लोक रस्त्यावर आले, आणि तो क्षोभ स्वाभाविक होता. मात्र अशा घटनेनंतर आपण मुलांना फक्त ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ एवढेच शिकवितो, आणि येथेच आपली नजर चुकीच्या दाराकडे लागते. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली तेरा राज्यांतील मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. तीत निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा कमी नव्हते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे तरी मुलाच्या ओळखीचे वा विश्वासातले होते, आणि बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती.

का सांगितली नाही? सांगितले तर काय होते, हे मुलांना ठाऊक असते. ‘काका असे करणारच नाहीत’, ‘तूच काही खोड्या केल्या असशील’, ‘बाहेर बोललास तर घराची अब्रू जाईल’! मुलगा असेल तर हसून सोडून देतात. लग्नकार्यात त्याच काकांच्या पाया पडावयास लावितात. मूल पुन्हा बोलत नाही. एखादे अंथरूण ओले करू लागते, एखादे जेवण टाकते, एखादे अमक्याच्या घरी जावयाचे म्हटले की पोटात दुखते म्हणते. या प्रत्येक गोष्टीला दुसरेही कारण असू शकते. म्हणून भलता संशय धरू नये, पण शांतपणे विचारावे.

आणि मुलाने सांगितलेच, तर प्रथम त्याचे ऐकून घ्यावे. ‘सांगितलेस ते बरे केलेस, यात तुझा दोष नाही’ एवढे म्हणावे. खोदून खोदून विचारू नये. पाच जणांसमोर तेच ते वदवून तर मुळीच घेऊ नये. ते ज्या शब्दांत बोलले त्याच शब्दांत लिहून ठेवावे. घटना ताजी असेल तर मुलाला आंघोळ न घालता, अंगावरचे कपडे न धुता दवाखान्यात न्यावे. आईचा हात पहिल्याने पाण्याकडेच वळतो, हे मी जाणतो, तरी थांबावे.

नंतर पोलीस. येथे पुष्कळ जण कचरतात. परंतु १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलाला, मुलगा असो की मुलगी, वेगळे संरक्षण दिले आहे. जबाब मुलाच्या घरी वा त्याला सोयीच्या जागी घ्यावयाचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि तोही गणवेशाविना; आईबाप किंवा मुलाच्या विश्वासाचे माणूस जवळ हवे. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करावयाची, आणि फिर्याद नोंदली गेली नसली तरी ती करता येते. रात्री मुलाला चौकीत ठेविता येत नाही. ज्याला असा गुन्हा कळला त्याने कळविलेच पाहिजे. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडविला तर एक वर्षापर्यंत. सद्भावनेने कळविणाऱ्यावर मात्र खटला होत नाही. १०९८ या क्रमांकावर दूरध्वनी केला तरी चालते. त्यास पैसे पडत नाहीत.

कायद्याने सांगितलेले सर्व ठिकाणी घडते, असे मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात बालवर्गातील दोन मुलींवर शाळेतच अत्याचार झाल्याची फिर्याद आली. संशय शाळेच्या सफाई कामगारावर होता. फिर्याद नोंदविण्यातील विलंबावर मुंबई उच्च न्यायालयाने कडक ताशेरे ओढले. न कळविल्याबद्दल शाळेच्या चालकांवर गुन्हाही दाखल झाला. २० ऑगस्ट रोजी संतप्त लोकांनी रेल्वे रोखून धरली, तेव्हा कोठे यंत्रणा जागी झाली. म्हणून आईबापांनी एकट्याने जाऊ नये. जाणते माणूस सोबत न्यावे आणि फिर्यादीची प्रत मागून घ्यावी.

आता आमच्याविषयी. गुन्हेगार धर्मगुरू असला, धर्मभगिनी असली वा धर्मशिक्षण देणारे मास्तर असले, तरी वरील एकही अक्षर बदलत नाही. ख्रिस्तसभेत हे घडले आहे आणि ते झाकलेही गेले आहे; त्याची लाज आम्ही वाहिलीच पाहिजे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांच्या आज्ञापत्राने धर्मगुरूंवर व व्रतस्थांवर असा प्रकार वरिष्ठांना कळविण्याचे बंधन घातले; पण ते देशाच्या कायद्याला पर्याय नव्हे. ‘फादरांना सांगितले, आता ते पाहतील’ असे म्हणून घरी बसू नये. मला सांगा, जरूर सांगा, मी बरोबर येईन. पण पोलिसांकडे जावेच लागेल.

आणखी एक. अशा मुलाचे नाव छापण्यास वर्तमानपत्रांना बंदी आहे. आपल्याकडे ते नळावर, विहिरीवर आणि कधी कधी मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर घेतले जाते. बायाबापड्यांनी आणि पुरुषांनीही ते घेऊ नये. त्या मुलाला सोमवारी त्याच वर्गात, त्याच बाकावर जाऊन बसावयाचे असते.