निजतोय कुठला, नुसता आडवा झालतो!

कर्नाटक सीमाभागातल्या आमच्या नंदगडात सत्तरीच्या कुणालाही दुपारी तीनच्या सुमारास हाक मारून विचारा, "निजला होता काय?" उत्तर ठरलेलं असतं. "न्हाई गा, निजतोय कुठला? नुसता आडवा झालतो." गालावर चटईचे वळ उठलेले असतात, टोपी कानावर आलेली असते, घोरणं शेजारच्या सोप्यापर्यंत पोचलेलं असतं, तरी कबुली मिळत नाही. बायका त्याहून पक्क्या. तांदूळ निवडता निवडता मान खाली गेली तर ती म्हणे खडा बघायला गेली होती.

दिवसा झोपणारा आळशी आणि तिन्हीसांजेला झोपणारा लक्ष्मीला दारातून परत धाडणारा, असं ऐकत ही पिढी वाढली. त्यामुळं दुपारची झोप आमच्याकडं घेतात बहुतेक सगळे, सांगत कुणीच नाही. आता या लपवाछपवीत पुण्या-बेंगळुरातली मुलं पडली आहेत. एका आठवड्यात घरच्या ग्रुपवर बातमी येते, दुपारी झोपल्यानं मेंदू तरुण राहतो. पुढच्या आठवड्यात दुसरी, दुपारी झोपणाऱ्यांना अल्झायमरचा धोका. एकाच आज्जाला एका मुलाचा फोन येतो, "बाबा, जरा झोपत जा." दुसऱ्याचा येतो, "बाबा, दुपारी झोपू नका."

गंमत अशी की दोन्ही बातम्या खऱ्या अभ्यासांवरूनच आल्या आहेत. पहिलीचं मूळ 2023 मधलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या आणि उरुग्वेतल्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 40 ते 69 वयाच्या लाखो लोकांची जनुकीय माहिती तपासली. दिवसा झोपण्याचा कल ज्यांच्या जनुकांतच आहे, त्यांच्या मेंदूचं एकूण आकारमान थोडं जास्त दिसलं. हा फरक मेंदूच्या वयात अडीच ते साडेसहा वर्षांएवढा भरतो, असं त्यांनी मांडलं. मात्र नजरेनं पाहिलेलं लक्षात ठेवण्यात किंवा प्रतिसादाच्या वेगात हे लोक सरस ठरले नाहीत, आणि ते किती वेळ झोपत होते याची माहितीही त्या अभ्यासात नव्हती. बातमी ग्रुपवर येईपर्यंत हे दोन्ही तपशील गळून पडले.

दुसऱ्या बातमीचं मूळ शिकागोच्या रश विद्यापीठाच्या एका दीर्घ पाहणीत आहे. त्यातून 2022 मध्ये आलेल्या अभ्यासात 1,401 वृद्धांच्या मनगटावर दरवर्षी काही दिवस घड्याळासारखं यंत्र बांधलं होतं, आणि काहींच्या नोंदी 14 वर्षांपर्यंत पोचल्या. दिवसा तासाभरापेक्षा जास्त झोपणाऱ्यांना अल्झायमर होण्याची शक्यता कमी झोपणाऱ्यांपेक्षा 40 टक्क्यांनी जास्त आढळली. यंत्र मनगटावर असल्यामुळं 'नुसता आडवा झालतो' म्हणायची सोय तिथं कुणालाच नव्हती.

पण त्या अभ्यासातला मला महत्त्वाचा वाटलेला आकडा 40 टक्क्यांचा नाही. ज्यांची बुद्धी शाबूत राहिली त्यांचीही दिवसाची झोप वयाबरोबर वाढत होती, दर वर्षी सरासरी 11 मिनिटांनी. विसरभोळेपणा दवाखान्यात नोंदला गेल्यावर ही वाढ वर्षाला 24 मिनिटांवर गेली, आणि अल्झायमरचं निदान झाल्यावर 68 मिनिटांवर. म्हणजे झोपेची लांबी एकवेळ बाजूला ठेवा, तिच्या वाढीचा वेग बोलका आहे. त्याला कारणही सापडतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या शास्त्रज्ञांनी अल्झायमरनं गेलेल्या लोकांचे मेंदू तपासून 2019 मध्ये दाखवलं, की दिवसा आपल्याला जागं ठेवणाऱ्या पेशींचे पुंजकेच या रोगात मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात. म्हणजे काहींच्या बाबतीत दुपारची लांबलेली झोप रोग आणत नसावी. रोग आधीच आत आलेला असतो आणि झोप त्याची वर्दी देते.

म्हणून, म्हातारपणी दुपारी झोपावं की झोपू नये, हा वादच मला फोल वाटतो. जन्मभर जेवल्यावर अर्धा तास पाठ टेकणारा आज्जा आजही अर्धाच तास टेकत असेल, तर त्याला सुखानं झोपू द्यावं. चीनमधल्या 65 वर्षांवरच्या जवळपास 3,000 जणांच्या एका अभ्यासात तर जेवणानंतर 30 ते 90 मिनिटं झोपणारे, अजिबात न झोपणाऱ्यांपेक्षाही आणि त्याहून जास्त झोपणाऱ्यांपेक्षाही स्मरणाच्या आणि आकडेमोडीच्या चाचण्यांत सरस ठरले होते. पण त्याच आज्जाचा अर्धा तास वर्षभरात दीड तासावर गेला, न्याहारीनंतरही डोळा लागू लागला, कुणी येऊन बोलत बसलं तरी पेंग आवरेना, तर काहीतरी बदललंय. हा बदल फक्त घरच्यांनाच दिसू शकतो.

दुपारची झोप आमच्या भागात आली कुठून, तेही बघायला हवं. आमचा खानापूर तालुका भाताचा आणि जंगलाचा. भात पोसवलं की गवे आणि रानडुकरं उतरतात, कधी हत्तीही येतात. मग शेतातल्या माळ्यावर रात्र काढायची, डबे वाजवायचे, बॅटरी मारत राहायची. उसाला पाणी द्यायचं तर थ्री फेज लाइन कित्येकदा रात्रीचीच. अशा माणसाची रात्र तुकड्यातुकड्यांत जाते आणि उरलेली झोप तो दुपारी वसूल करतो. त्यात आळस कुठला?

अशा वसुलीचा उपयोग होतो याला आपल्याकडचाच पुरावा आहे. चेन्नईत कमी उत्पन्नाच्या 452 लोकांवर झालेला एक प्रयोग 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. ही माणसं रात्री आठ तास अंथरुणावर असायची, पण झोप लागायची जेमतेम साडेपाच तास. उकाडा, डास, गोंगाट. संशोधकांनी नाना सोयी पुरवून त्यांची रात्रीची झोप जवळपास अर्ध्या तासानं वाढवली, तरी कामात फरक पडला नाही. कामाच्या जागी दुपारी छोटी झोप घ्यायला दिली, तेव्हा मात्र कामाचा उरक वाढला आणि मनही ताजं राहिलं. ही माणसं म्हातारी नव्हती, हे खरं. पण मोडक्या रात्रीला दुपारचा आधार लागतो, हे त्यातून कळतं.

चरकसंहितेनंही हे ओळखलं होतं. दिवसा झोपणं एरवी वर्ज्य, उन्हाळ्यात मात्र चालेल, असं सांगून चरकानं सवलतवाल्यांची यादी दिली आहे. त्यात म्हातारे, लहान मुलं, ओझी वाहून किंवा वाट चालून थकलेले, अभ्यासानं शिणलेले, शोकात बुडालेले असे कितीतरी जण येतात. त्या यादीत अर्धं नंदगड सहज बसेल. आमच्या घाटाखालच्या गोव्यात तर दुपारी दोन ते चार सक्तीची विश्रांती देण्याचं आश्वासन तिथले नेते विजय सरदेसाई यांनी 2022 च्या विधानसभा निवडणुकीआधी दिलं होतं. आमच्याकडच्या कुठल्या उमेदवाराला अजून तेवढा धीर झालेला नाही.

ही सवलत बायकांच्या वाट्याला मात्र कधी नीट आलीच नाही. पुरुष राखणीवरून येऊन सोप्यावर कलंडायचा. बाई रोप लावून यायची आणि चुलीपुढं बसायची. साठीनंतर सून हाताशी आली की थोडी उसंत मिळते, तेव्हा दिवसा झोपायची लाज आडवी येते. 2023 मध्ये आलेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीवरच्या लोकांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. याला शिक्षण न मिळण्यासारखी अनेक कारणं आहेत आणि ते सगळं झोपेच्या माथी मारता येणार नाही. पण खेड्यातल्या म्हातारीकडं आधी बघायला हवं, एवढं हा आकडा नक्की सांगतो.

आता राखणीला जाणारा आज्जा थकला. शेत वाट्यानं दिलं, पोरं बेळगाव, गोवा, पुणे अशी पांगली. रात्रीचं काम गेलं, दुपारची झोप तेवढी उरली, आणि तिच्यात नवी झोप मिसळली, करण्यासारखं काही नसल्याची. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्यासारखी 14 कारणं सांगितली. झोप त्या यादीत नाही. ऐकू कमी येणं आहे, दिसायला कमी झालं तरी इलाज न करणं आहे, एकटेपणा आहे, उदासी आहे, हालचाल नसणं आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे. ही यादी वाचताना मला आमच्या गल्लीतले सोपे दिसू लागले. कान गेले की कट्ट्यावरच्या गप्पा तुटतात. मोतीबिंदू पिकला की पेपर सुटतो. मग दुपार कशी घालवायची? झोपून. अशा माणसाला "दुपारी झोपू नका" सांगण्यापेक्षा कानाचं यंत्र आणून द्यावं, मोतीबिंदू काढून आणावा.

दुसरा शोध रात्रीचा घ्यायचा. म्हातारपणी झोपेचं वेळापत्रक अलीकडं सरकतं. साडेआठला डोळे मिटायला लागतात आणि तीनला जाग येते. एवढ्यात साडेसहा तास झालेले असतात, पण तीनला जागा झालेला माणूस सगळ्यांना सांगतो, "रात्रभर डोळ्याला डोळा न्हाई." मग कुणीतरी झोपेची गोळी आणून देतं. अशा बऱ्याच गोळ्या 65 वर्षांवरच्यांनी शक्यतो टाळाव्यात, असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण त्यांनी तोल जातो, माणूस पडतो, गोंधळतो. सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्याही दिवसभर गुंगी ठेवतात. रक्तदाबाची लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर उठबस होते, तिची वेळ डॉक्टरांना विचारून सकाळची करून घेता येते. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल आणि मग दचकून सुरू होत असेल, तर तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. या सगळ्यांत रात्र मोडते आणि दिवस झोपेत जातो.

याउपर शंका राहिली तर स्मरणाची तपासणी करून घ्यावी. कर्नाटकात निम्हान्स या मेंदूविकारांच्या संस्थेनं आणि राज्याच्या आरोग्य खात्यानं 2022 मध्ये मेंदूच्या आरोग्यासाठी उपक्रम सुरू केला, त्यातून जिल्हा रुग्णालयांत मेंदूविकारांचे दवाखाने उघडण्याची सुरुवात झाली. पण आमच्या सीमाभागात एक पेच आहे. या तपासणीत शब्द लक्षात ठेवायला सांगतात, वजाबाकी करायला लावतात, तारीख विचारतात. आमच्या म्हाताऱ्यांना बाजारापुरतं कन्नड येतं, काहींना चांगलं येतं, पण मनातला हिशेब मराठीत चालतो. तारखेचं तर विचारूच नका. आज एकादशी की द्वादशी ते झोपेतून उठूनही सांगतील, इंग्रजी तारीख त्यांनी जन्मात लक्षात ठेवलेली नसते. हरियाणातल्या बल्लभगडात 1990 च्या दशकात संशोधकांनी हाच पेच ओळखून निरक्षर खेडूतांसाठी चाचणी बदलून घेतली होती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं 2020 च्या सुमारास भारतीय भाषांत चाचण्या बेतल्या, तेव्हा पहिल्या पाचांत कन्नड होती, मराठी नव्हती. म्हणून तपासणीला जाताना दोन्ही भाषा येणारं घरचं माणूस बरोबर असावं, आणि शब्द मराठीतून विचारा अशी विनंती न लाजता करावी. परक्या भाषेतले शब्द विसरले म्हणून कुणाच्या कपाळावर रोगाचा शिक्का बसू नये.

बाकी पथ्य साधं आहे. सकाळचं ऊन अंगावर घ्यावं, थोडं चालावं. दुपारची झोप तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची असावी, उठताना क्षणभर बसून मग उभं राहावं. लांबच्या मुलांनी बातम्या पाठवायचं थांबवून दुपारी साडेतीनला फोन लावावा आणि असं काहीतरी विचारावं की उत्तर द्यायला आज्जाला आठवावं लागेल. भात किती पोती झालं, सोसायटीत भाव काय चाललाय, कुणाचं लग्न कुठं ठरलं.

आणि जवळ राहणाऱ्यानं पंधरा दिवस एका वहीत लिहून ठेवावं. रात्री कधी झोपले, किती वेळा उठले, दुपारी किती वेळ डोळा लागला, कुठली गोळी कधी घेतली. दवाखान्यात जाताना ती वही आणि गोळ्यांची पिशवी बरोबर न्यावी. डॉक्टरांकडं आपल्यासाठी पाच मिनिटं असतात. पंधरा दिवसांच्या झोपेचा हिशेब तेवढ्या वेळात आठवून सांगणं तिशीतल्या माणसालाही जमणार नाही.