भयानकाचा आस्वाद

मागील पंधरवड्यांत आमच्या घरीं एक वाद उपस्थित झाला आणि वडीलकीच्या नात्यानें त्याचा निवाडा आमच्याकडे आला. महाविद्यालयांत शिकणाऱ्या नातवास घरच्या दूरचित्रवाणीवर ‘तुंबाड’ हा चित्रपट पाहावयाचा होता. नऊ वर्षांची नातही शेजारीं मांडी घालून बसण्याच्या तयारींत होती. सूनबाईंचें म्हणणें असें कीं, भय ही टाळावयाची वस्तु. ती मुद्दाम घरांत कां आणावी? प्रश्न सरळ आहे, परंतु त्याचें उत्तर तितकें सरळ नाहीं.

भरतमुनींनीं नाट्याचे जे आठ रस सांगितले, त्यांत भयानकाला स्थान आहे. त्याचा वर्ण काळा, देवता काल. विकृत स्वर, पिशाचदर्शन, कोल्ह्याघुबडांचे शब्द, ओसाड घर, अरण्य हे त्याचे विभाव. आजचा दिग्दर्शक पडका वाडा आणि दाराची करकर योजितो, तेव्हां तो याच यादींतून निवड करीत असतो. मात्र शास्त्रकारांनीं येथें एक सूक्ष्म भेद केला आहे, तो ध्यानीं धरण्याजोगा आहे. भय हा स्थायी भाव. त्रास, म्हणजे दचकणें, हा केवळ व्यभिचारी भाव. एकाएकीं मोठा आवाज करून प्रेक्षकाला खुर्चीवरून उडविणें कोणासही साधतें. पण तो दचका क्षणांत विरतो. उत्तम भयपट मनांत भय रुजवितो आणि तें सावकाश वाढवितो.

हें साधतें कसें? बहुधा न दाखवून. स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटासाठीं केलेला यांत्रिक शार्क समुद्राच्या पाण्यांत वारंवार बिघडे. दिग्दर्शकाला तो फारसा दाखवितांच येईना. मग पाण्याचा पृष्ठभाग आणि जॉन विल्यम्स यांचे दोनच स्वर यांवर बरेंच काम भागवावें लागलें. आणि न दिसणारा शार्कच अधिक भीतिदायक ठरला. हिचकॉक यांच्या ‘सायको’मध्यें (१९६०) स्नानगृहांतील हत्येच्या प्रसंगीं सुरी अंगांत शिरतांना जवळजवळ दिसतच नाहीं. तुटक दृश्यें आणि बर्नार्ड हरमन यांच्या तंतुवाद्यांचा चीत्कार एवढेंच साहित्य. बाकीचा घाव प्रेक्षकाचें मन स्वतःच घालतें.

मग यांत आनंद तो कोठला? अभिनवगुप्तांनीं याच्या उलगड्यासाठीं ‘शाकुंतला’च्या पहिल्या अंकांतील, दुष्यंताच्या रथापुढें पळणारें हरिण घेतलें आहे. तें भय ‘माझें’ असतें तर आम्ही उठून पळालों असतों. सर्वस्वीं परकें असतें तर स्वस्थ बसून राहिलों असतों. काव्यांत तें देशकालाच्या व व्यक्तीच्या बंधनांतून सुटतें, म्हणून त्याची चव घेतां येते. भीति खरी, परंतु संकट नाहीं. या दोहोंच्या मधल्या जागेंत भयानकाची गोडी आहे.

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’नें (२०१८) आम्हांस याहून एक पाऊल पुढें नेलें. कोंकणांतला न थांबणारा पाऊस, १९१८ पासूनचा काळ, ब्राह्मणाचें घर. सर्व ओळखीचें, आणि म्हणूनच अंगावर येणारें. विनायक सुवर्णमुद्रांसाठीं कणकेची बाहुली घेऊन त्या खोल गर्भांत उतरतो. पुढें तीच वाट मुलालाही शिकवितो. हस्तर भयंकर आहेच. पण बाप आपली हांव मुलाला वारशानें देत आहे, हें दृश्य आम्हांस अधिक भयंकर वाटलें. पिशाच पडद्यावर राहतें. हांव मात्र कोणत्याही घरीं ओळखीची निघते.

आमचा निवाडा असा झाला: नातवानें चित्रपट पाहावा आणि आम्हीं त्याच्या शेजारीं बसावें, नातीला तूर्त नको. तिच्या ठायीं ती मधली जागा अद्याप तयार झालेली नाहीं. तिला रस मिळणार नाहीं, नुसतें भय मिळेल आणि तें अंथरुणापर्यंत तिच्या मागें येईल.

सूनबाईंना हें पटलें. मग त्या हळूच म्हणाल्या, “तर मग जेवतांना तिला बागुलबोवाची भीति घालणें तुम्हीही बंद करा, बाबा.”

आम्ही निरुत्तर झालों. पडद्यावरच्या भयाला शेवट असतो. आम्हीं घातलेल्या भयाला तशी सोय नव्हती. तिच्या बापालाही आम्हीं असेंच जेवूं घातलें होतें.

चित्रपट संपला तेव्हां मध्यरात्र झाली होती. त्या रात्रीं माजघरांतला दिवा कोणीं मालविला नाहीं, आम्हींही नाहीं.