संशोधक मोजता, मग त्यांचा प्रवर्ग का नाही?

भारत संशोधन आणि विकासावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो, हा २०२०-२१चा सरकारी आकडा. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ, इस्रायल त्याहून पुढे. ही तुलना वाचून आपले विद्वान दरवर्षी हळहळतात आणि दोन टक्क्यांची मागणी करतात. मागणी रास्तच आहे. पण पैसा वाढला तर तो कोणाच्या प्रयोगशाळेत जाणार?

दहा लाख लोकांमागे आपल्याकडे २६२ संशोधक. कोरियात आठ हजारांहून जास्त. हे २६२ कोण? १९६३ साली इटलीतल्या फ्रास्काती येथे या मोजणीची आंतरराष्ट्रीय पद्धत ठरली. आज तीत स्त्री-पुरुष वेगळे मोजतात, म्हणूनच आपल्या संशोधकांत पाचांत एकही स्त्री भरत नाही हे उघड झाले. जातीचा रकाना मात्र नाही. फ्रास्कातीला जात ठाऊक नसेल. दिल्लीला चांगली ठाऊक आहे. उच्च शिक्षणाच्या सरकारी सर्वेक्षणात प्राध्यापकांचा प्रवर्ग नोंदवला जातोच की! मग संशोधकांची मोजणी करतानाच पेन का अडते?

त्यातच केंद्रीय शिक्षणसंस्थांतील अध्यापकपदांच्या आरक्षणाचा २०१९चा कायदा. त्याच्या कलम ४ने मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था अशा नामांकित संस्थांना आरक्षणातून सूट दिली आहे. म्हणजे जिथे सार्वजनिक पैसा जातो, तिथे आरक्षणही नाही आणि हिशेबही नाही. दोन टक्क्यांच्या प्रत्येक निवेदनात आपल्या संघटनांनी ही दुसरी मागणी घातली पाहिजे: संशोधकांचे प्रवर्गनिहाय आकडे संस्थेच्या नावासह दरवर्षी जाहीर करा.