आठ मेणबत्त्यांचं गाणं

छोट्या दोस्तांनो,

'ओचो कांदेलिकास!' जरा मोठ्याने म्हणा बरं! 'ओचो' म्हणजे आठ आणि 'कांदेलिकास' म्हणजे छोट्या मेणबत्त्या. ही भाषा आहे लादिनो.

१४९२ साल तुम्हाला पाठ असेल. कोलंबस अमेरिकेकडे गेला ते! त्याच वर्षी स्पेनच्या राजाराणीने फर्मान काढलं, 'ज्यूंनी ख्रिस्ती व्हावं, नाहीतर देश सोडावा.' हजारो कुटुंबं निघाली. पुष्कळजण तुर्की सुलतानाच्या राज्यात, इस्तंबूल, सालोनिका, सारायेव्हो अशा शहरांत स्थायिक झाले. घरदार मागे राहिलं, पण जुनी स्पॅनिश बोली त्यांच्याबरोबर गेली. तिच्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळले. हीच लादिनो. पुढे शेकडो वर्षं आई-आजीच्या गाण्यांतून ती जपली गेली.

सारायेव्होत १९२३ साली फ्लोरी नावाची मुलगी जन्मली. तिची आजी, म्हणजे लादिनोत 'नोना', तिला गाणी शिकवायची. १९४१ साली हिटलरचं सैन्य आलं. सतरा वर्षांची फ्लोरी खोट्या नावाने एकटीच आगगाडीत बसली. हातात अकॉर्डियन. आपल्या पेटीसारखंच, पण गळ्यात अडकवून वाजवायचं वाद्य. ती वाटभर वाजवत राहिली, प्रवासी गात राहिले आणि कुणी तिचे कागद मागितलेच नाहीत! फ्लोरी वाचली. पण तिची नोना आणि आजोळची माणसं मारली गेली. १९४३ मध्ये सालोनिकाचे जवळजवळ सारे ज्यू छळछावण्यांत नेले गेले. गाणाऱ्यांबरोबर गाणीही संपत चालली.

उरलेली गाणी काहींनी गोळा केली. यित्झाक लेव्ही यांनी गावोगावच्या लोकांकडून ती ऐकून पुस्तकांत छापली. पण दोस्तांनो, पुस्तकातलं गाणं कपाटात झोपतं हो! त्याला गळा हवा. लेव्हींची मुलगी यास्मिन ही गाणी स्पॅनिश गिटारच्या साथीने गाते. आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्लोरी यागोदा यांनी १९८३ साली लहान मुलांसाठी एक नवंकोरं लादिनो गाणं रचलं. हनुका हा ज्यूंचा आठ दिवसांचा दिव्यांचा सण. त्यातल्या आठ मेणबत्त्यांचं हे गाणं, 'ओचो कांदेलिकास'!

आज ते देशोदेशीच्या शाळांत गायलं जातं. कित्येकांना तर ते शेकडो वर्षांपूर्वीचंच वाटतं. फ्लोरीआजी २०२१ साली गेल्या. लादिनो बोलणारे आता थोडेच उरलेत, तेही बहुतेक म्हातारे. पण ज्या मुलांना लादिनोतलं दुसरं काहीच येत नाही, तीसुद्धा आठापर्यंत लादिनोत मोजतात, बरं का!

मग आज एक काम करायचं. आजीकडून एखादी ओवी किंवा भोंडल्याचं गाणं लिहून घ्या. आईबाबांनाही बसवा शेजारी. आणि नुसतं वहीत ठेवू नका हं! त्याच चालीवर तुमचं एक कडवं जोडा आणि आजीलाच म्हणून दाखवा.

तुमची,
ताई