चित्राचे बारदान नीट निवडा



या सदरात आपण एरवी बी-बियाणे, खत-पाणी आणि कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो शेतीबाहेरचा आहे असे समजू नये. जानेफळ, मेहकर, लोणार या आपल्या पट्ट्यात पाच-दहा घरांनी एकत्र येऊन तूरडाळ, हरभरा किंवा मिरची स्वतः विकावी, अशी बोलणी आता पारावर होतात. मग गटाची वेबसाईट काढायची ठरते. घरातली शिकलेली मुलगी ते काम अंगावर घेते. मोबाईलवर फोटो काढले, वेबसाईटवर चढवले, की झाले असे वाटते. पण पुढे दोन तक्रारी हमखास येतात. पहिली, "साहेब, पान उघडतच नाही, नुसतं चाक फिरत राह्यते." दुसरी, "फोटो त झकास दिसते, पण पाकिटावरचे आकडे काही वाचता येत नाहीत."

दोन्ही तक्रारींचे मूळ बहुधा एकच असते. चित्र चुकीच्या बारदानात भरलेले असते. ज्वारी पोत्यात भरतात, तेल डब्यात भरतात, कापसाची गाठ बांधतात. जसा माल तसे बारदान, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. चित्रांचेही तसेच आहे. जेपीईजी, पीएनजी, वेबपी, एसव्हीजी ही चित्रांच्या बारदानांची नावे आहेत. कोणत्या चित्राला कोणते वापरावे, एवढे आज समजून घेऊ.

ठिपक्यांची रांगोळी

मोबाईलमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळीच. साधारण १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत ४,००० आडवे आणि ३,००० उभे, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट जागा धरली, तर एका फोटोला ३६ एमबी लागतील. फोन ते दाबून साधारण ३ ते ५ एमबीत बसवतो.

आता हिशेब करा. एका पानावर ४ एमबीचे १० फोटो लावले, तर झाले ४० एमबी. गिऱ्हाइकाकडे नेट मंद असले, सेकंदाला पाव एमबीच येत असले, तर ते पान पूर्ण उघडायला २ मिनिटे ४० सेकंद लागतील. एवढा वेळ कोण थांबतो? तो दुसऱ्याची डाळ घेऊन मोकळा होतो. तेच १० फोटो प्रत्येकी १५० केबीचे केले, तर पान ६ सेकंदांत उघडते.

म्हणून पहिली गोष्ट म्हणजे आकार कमी करणे. वेबसाईटवरच्या फोटोला १,२०० ठिपक्यांची रुंदी बहुधा पुरते. १,२०० गुणिले ९०० म्हणजे १० लाख ८० हजार ठिपके. मूळ फोटोच्या अकराव्या हिश्श्याइतकेच. आधी फोटो लहान करावा आणि मगच बारदान निवडावे.

डाळ आणि गाठ

चित्र दाबण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

पहिली तऱ्हा तुरीच्या डाळीसारखी. तूर भरडली की टरफल निघते, चुनी निघते आणि माल आटोपशीर होतो. पण त्या डाळीची पुन्हा तूर होत नाही. जेपीईजी हे या तऱ्हेचे बारदान. ही पद्धत तज्ज्ञांच्या एका समितीने बसवली आणि १९९२ साली ती प्रमाण म्हणून ठरली. समितीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला जेपीईजी म्हणतात. यात चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे बारीक चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातला जो बारकावा डोळ्यांना फारसा जाणवत नाही, तो टाकून देतात. शेत, आभाळ, माणसांचे चेहरे, डाळीची रास यांच्या फोटोत तो टाकलेला भाग कळतही नाही.

दुसरी तऱ्हा कापसाच्या गाठीची. कापूस दाबून गाठ बांधली, गाडीत भरली, सोडली, की कापूस होता तसाच. पीएनजी हे या तऱ्हेचे बारदान. यात एकही ठिपका गमावला जात नाही. याच्या जन्माची कथाही ऐकण्यासारखी आहे. १९८७ पासून जिफ नावाचे बारदान चालत होते. त्यात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. पण ते ज्या रीतीने दाबले जाई, तिच्या पेटंटवरून १९९४ च्या अखेरीस वाद उठला. तेव्हा जगभरातल्या जाणकारांनी आपल्याकडच्या इरजिकीसारखा हात लावला आणि सर्वांना मोफत वापरता येईल असे पीएनजी तयार केले. १९९६ साली ते प्रमाण झाले.

मग सगळीच चित्रे पीएनजीमध्ये का ठेवू नयेत? कारण फोटोला ते जड पडते. तोच फोटो पीएनजीमध्ये ठेवला तर जेपीईजीच्या कित्येक पट जागा खातो.

कोणत्या कामाला काय?

आता सरळ नियम सांगतो. चित्रात देखावा आहे की अक्षर आहे, हे आधी पाहावे.

देखावा असेल, म्हणजे शेत, माल, माणसे असतील, तर जेपीईजी वापरावे. फाईलच्या नावापुढे जेपीजी लिहिलेले असो की जेपीईजी, दोन्ही एकच आहेत. दर्जा विचारला तर १०० पैकी ७५ ते ८५ च्या दरम्यान ठेवावा.

अक्षरे, आकडे, रेघा किंवा तक्ता असेल, तर पीएनजी वापरावे. जेपीईजीमध्ये अक्षराच्या कडेला धुरकट ठिपके उठतात. आपल्या लिपीतले अनुस्वार आणि मात्रा त्यात आधी बुजतात. डाळीच्या पाकिटावर अन्नसुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक असतो. तो नीट वाचता आला नाही, तर गिऱ्हाइकाने विश्वास कशावर ठेवावा?

गटाचे बोधचिन्ह असेल, तर एसव्हीजी उत्तम. हे प्रमाण २००१ सालचे. यात ठिपके नसतात, तर रेघ कुठून कुठे काढायची याची मापे लिहिलेली असतात. मोजणीची मापे हाती असली की शेताचा नकाशा लहान कागदावरही काढता येतो आणि मोठ्यावरही, तसेच हे. तेच चिन्ह बिल्ल्याएवढे करा की दुकानाच्या फलकाएवढे करा, कडा फाटत नाहीत. एसव्हीजी जमत नसेल तर पीएनजी वापरावे. पीएनजीमध्ये पाठचा भाग पारदर्शक ठेवता येतो. जेपीईजीमध्ये ती सोय नाही, म्हणून हिरव्या पानावर चिन्हाभोवती पांढरा चौकोन चिकटवल्यासारखा दिसतो.

वेबपी हे नवे बारदान गूगलने २०१० साली आणले. यात डाळ आणि गाठ दोन्ही तऱ्हा आहेत आणि फोटो जेपीईजीपेक्षा कमी जागेत बसतो. आजचे सर्व प्रमुख ब्राउझर ते उघडतात. वेबसाईट बनवणाऱ्याला ते जमत असेल तर फोटोंसाठी खुशाल वापरावे.

एक इशारा. नुसते फाईलचे नाव बदलून बारदान बदलत नाही. पोत्यावर गहू लिहिले म्हणून आतली ज्वारी गहू होत नाही. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामातूनच ते करावे लागते. आणि एकदा धुरकट झालेले जेपीईजी पीएनजीमध्ये घातले, तरी गेलेली अक्षरे परत येत नाहीत. डाळ दुसऱ्या पोत्यात भरली म्हणून तिची तूर होते काय?

एका टिंबाची किंमत

कोणी म्हणेल, "साहेब, थोडं धुरकट दिसलं तर काय बिघडते?" बिघडते.

गट आपल्या पानावर फवारणीचा तक्ता लावतो. तो गावोगाव फोनवरून फिरतो. प्रत्येक ठिकाणी कोणी तो पुन्हा कापतो, पुन्हा साठवतो आणि दर वेळी जेपीईजीमधले थोडे आणखी गळते. त्या तक्त्यात लिहिले आहे, १० लिटर पाण्यात २.५ मिली. त्या २ आणि ५ मधले टिंब धुरात बुजले, तर वाचणाऱ्याला दिसेल २५ मिली. दसपट औषध! पीक करपेल, खर्च वाढेल आणि पंप पाठीवर घेणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतेल. म्हणून असा तक्ता पीएनजीमध्येच ठेवावा आणि आकड्यापुढे अक्षरीही लिहावे: २.५ (अडीच) मिली. फवारणी करणाऱ्यानेही फिरत आलेल्या चित्रावर विसंबू नये. डब्यावरचे लेबल वाचूनच माप घ्यावे.

चित्र दाबताना आकडे बिघडतात, ही नुसती कल्पना नव्हे. २०१३ सालच्या ऑगस्टमध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एक विलक्षण गोष्ट उघडकीला आणली. घराचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या मोठ्या यंत्रावर स्कॅन केला होता. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळे १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती. स्कॅनमध्ये मात्र तिन्ही खोल्या १४.१३ च्या झाल्या. आकडे धुरकट नव्हते, अगदी स्वच्छ होते, पण चूक होते! त्या यंत्रात दाबण्याची रीत जेपीईजीहून वेगळी होती. दिसायला सारखे वाटणारे तुकडे ते यंत्र एकच समजून त्याच तुकड्याचा पुन्हा वापर करीत असे. पुढे कंपनीने दुरुस्ती दिली. यातून घ्यायचा धडा असा, की गट क्रमांक, क्षेत्र, खाते क्रमांक किंवा औषधाचे माप असलेले कोणतेही चित्र दाबल्यावर मूळ कागदाशी आकडा न् आकडा ताडून पाहावा.

सातबारा आणि अर्ज

आता वेबसाईटच्या पलीकडचे, पण घरोघरी उपयोगी पडणारे. सरकारी पोर्टलवरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, तर तो पीडीएफ म्हणून मिळतो. ती सही म्हणजे शाईचे चित्र नव्हे, ती त्या फाईलमध्येच गुंफलेली असते. स्क्रीनचा फोटो काढून तो पाठवला, तर सातबाराचे चित्र जाते, सही जात नाही. म्हणून पीडीएफ आली की ती तशीच जपावी आणि तशीच पुढे द्यावी.

ऑनलाईन अर्ज भरताना फाईलचा प्रकार आणि केबीची मर्यादा बहुधा तिथेच दिलेली असते. ती आधी वाचावी. तिथे जेपीईजी लिहिले असेल तर पीएनजी किंवा वेबपी चढवून उपयोग नाही. काही आयफोन २०१७ पासून हेइक नावाच्या बारदानात फोटो ठेवतात. तसा फोटो आधी जेपीईजी करून घ्यावा. मर्यादेत बसवायला दर्जा एकदम पाडू नये. आधी कागदाभोवतीची सतरंजी, टेबल, बोटे कापून टाकावीत, मग रुंदी कमी करावी आणि शेवटी दर्जा. पाठवण्यापूर्वी फोटो मोठा करून सर्वात बारीक अक्षर वाचून पाहावे. आपल्याला वाचता आले नाही, तर तपासणाऱ्याला तरी कसे येईल?

पिकाचा फोटो पाठवताना

सोयाबीनच्या देठावर चक्री भुंग्याची मादी दोन समांतर चक्रे पाडते आणि तिथे अंडी घालते. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या पिवळ्या मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात. निदान अशा बारीक खुणांवर चालते. व्हॉट्सॲप फोटो पाठवताना तो दाबते आणि नेमक्या त्याच खुणा पुसट होतात. म्हणून कीड-रोगाचा फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते. मात्र मूळ फोटोत तो काढलेल्या ठिकाणाची नोंदही असू शकते, म्हणून तो ओळखीच्या जाणकारालाच पाठवावा.

शेवटच्या दोन गोष्टी

एक, मालाचा भाव, पत्ता आणि फोन नंबर चित्रात लिहू नये. पानावर टाईप करून लिहावा. टाईप केलेला मजकूर मोजक्या केबीत बसतो आणि शोधणाऱ्याला सापडतो. ज्यांना दिसत नाही, त्यांचा फोन तो वाचूनही दाखवतो. प्रत्येक फोटोमागे 'जानेफळची तूरडाळ, १ किलोचे पाकीट' असे चार शब्द जोडण्याची सोय असते. तीही वापरावी.

दोन, मूळ फोटो कधीही पुसू नये आणि त्याच्यावरच काटछाटही करू नये. त्याची प्रत काढून तिच्यावर काम करावे. पेरणीचे बी आपण वेगळे राखून ठेवतो, दळायला काढत नाही. मूळ फोटो हे चित्राचे बी आहे. ते शाबूत असले की उद्या कोणतेही नवे बारदान आले, तरी त्यात पुन्हा भरता येईल.

ज्या घरातली लेक किंवा सून हे काम करते, तिला हा अंक वाचायला द्यावा. तिचे पाहून झाल्यावर गटातल्या कोणा एकाच्या जुन्या, साध्या फोनवर पान उघडून पाहावे. लवकर उघडले आणि आकडे स्पष्ट वाचता आले, तर चित्रे नीट भरली आहेत असे समजावे.

आपला,
कृषी विस्तार अधिकारी