आकाशात नेलेली पडवी : ‘कांचनजंगा’ आणि चार्ल्स कोरिया

१/१२
गगनचुंबी इमारतींचा इतिहास बहुधा शिकागोपासून सांगितला जातो. विल्यम ले बॅरन जेनी यांची तेथील ‘होम इन्शुरन्स’ इमारत १८८५ साली दहा मजली उभी राहिली. भार भिंतींऐवजी धातूच्या सांगाड्याने पेलला, ये-जा लिफ्टने सोपी झाली आणि मजले वाढत गेले. आजचा धागा मात्र आपल्या शेजारच्या मुंबईतील एका मनोऱ्याविषयी.

२/१२
पेडर रोडवरील ‘कांचनजंगा’ ही मुंबईच्या सुरुवातीच्या उंच निवासी इमारतींपैकी एक. २८ मजले, सुमारे ८४ मीटर उंची आणि सदनिका अवघ्या ३२. १९७० साली आरंभलेले काम १९८३ मध्ये पुरे झाले. वास्तुकार चार्ल्स कोरिया, संरचनेचे अभियंते शिरीष पटेल.

३/१२
कोरियांचा जन्म १९३० साली सिकंदराबादेत झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. अमेरिकेत मिशिगन आणि एमआयटी येथे शिक्षण घेऊन ते मुंबईत परतले आणि १९५८ पासून येथेच त्यांनी व्यवसाय केला. २०१५ मध्ये मुंबईतच त्यांचे निधन झाले.

४/१२
त्यांच्यापुढचा पेच मुंबईच्या हवामानाने घातलेला होता. वारा आणि समुद्राचे दर्शन हवे, तर घराची तोंडे पूर्व-पश्चिम हवीत. पण दुपारनंतरचे तापते ऊन आणि पावसाचा मारा येतो तोही पश्चिमेकडूनच. काच लावून वातानुकूलन यंत्र बसवणे, हे त्यावरचे आयते उत्तर.

५/१२
कोरियांनी उत्तर शोधले ते जुन्या बंगल्यांत. त्या बंगल्यांच्या राहत्या खोल्यांभोवती व्हरांड्याचे कडे असे. ऊन-पाऊस त्या कड्यात अडे. वारा तेवढा आत येई. तीच रचना त्यांनी मनोऱ्यात आणली. कोपऱ्याकोपऱ्यांत दोन मजले उंचीच्या खोल, झाडे लावता येतील अशा गच्च्या कोरल्या आणि खोल्या त्यांच्या आड ठेवल्या.

६/१२
हे तत्त्व आपल्याला परके नाही. शहापूर-मुरबाडच्या जुन्या घरांना पडवी असतेच. कारवीच्या कुडाच्या, शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर थेट पाऊस आला तर ती किती दिवस टिकेल? पावसाची झड पडवीत अडते, म्हणून भिंत वाचते. त्याच पडवीत सरपण राहते, अवजारे राहतात आणि दुपारची माणसेही तेथेच टेकतात.

७/१२
म्हणून माझे मत असे की, ‘कांचनजंगा’चे मोठेपण तिच्या उंचीत शोधणे ही दिशाभूल आहे. उंच इमारती जगभर झाल्या. येथल्या ऊन-पावसाला उंचावरही घराबाहेरच थोपवणारी इमारत मात्र विरळा, आणि तिची युक्ती साध्या घरातून आलेली आहे.

८/१२
कोणी म्हणेल, ती श्रीमंतांची इमारत. तिचे आपल्याला काय? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर कोरियांच्याच कामात आहे. प्रविणा मेहता व शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी १९६५ साली नव्या मुंबईची कल्पना मांडली. पुढे ते सिडकोचे मुख्य वास्तुकारही झाले. सर्वसामान्यांसाठी मात्र त्यांनी मनोरे सुचवले नाहीत. बुटकी पण दाट वस्ती सुचवली.

९/१२
‘कांचनजंगा’ पूर्ण झाली त्याच सुमारास बेलापूरला त्यांची वसाहत आकार घेत होती. लहान अंगणाभोवती सात घरांचा एक गट. प्रत्येक घराला स्वतःची मोकळी जागा, आणि कुटुंब वाढेल तसे घर वाढवण्याची मुभा. जागा पुरवायची तर उंचच गेले पाहिजे, हा समज त्यांनी बांधकामानेच खोडून काढला.

१०/१२
आता आपल्याकडे पाहू. आसनगाव-वासिंदच्या स्थानकांभोवती, शहापूर आणि मुरबाड शहरांत इमारतींचे मजले चढत आहेत. त्यांत मनोऱ्याची उंची तेवढी उचलली जाते. पश्चिमेच्या सपाट भिंतीला छज्जासुद्धा नसतो. असलेली बाल्कनी खोलीत घेतली जाते. मग एप्रिलमध्ये भिंत तापते आणि जुलैत तीच पाझरते. विजेचे बिल आणि रंगकाम भरतो तो रहिवासी.

११/१२
दुसरी गोष्ट पाण्याची. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. त्यांचे पाणी मुंबईच्या मजल्यांवर चढते आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातील पाडे टँकरची वाट पाहतात. अशा ठिकाणी वाढणारा प्रत्येक मजला पंपाच्या भरवशावर उभा असतो. ‘उंच म्हणजे प्रगत’ असे म्हणण्याआधी हा हिशेब मांडला पाहिजे.

१२/१२
उंच इमारत नकोच, असे माझे म्हणणे नाही. परवानगी देताना नगरपंचायतीने आणि घर घेताना आपण तीन प्रश्न विचारावेत : पश्चिमेच्या उन्हाला आड काय आहे? पावसाची झड कोठे अडणार? मोकळे आकाश प्रत्येक घराच्या वाट्याला किती? आपल्या गावातील पडवीच्या जुन्या घरांची छायाचित्रे कोणाकडे असतील, तर गावाच्या नावासह खाली जोडावीत. ती घरे झपाट्याने पाडली जात आहेत. निदान त्यांची नोंद राहील.