पाटी बर्लिनची, धक्का वार्नेम्युंडेचा

प्रति,
मा. अध्यक्ष व संचालक मंडळे,
उत्तर युरोपच्या समुद्रसफरी विकणाऱ्या अमेरिकी क्रूझ कंपन्या



मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहते. 2024 च्या जुलैत साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईवडिलांना घेऊन मी आपल्यापैकी एका कंपनीच्या जहाजाने बारा रात्रींची सफर केली. साउदॅम्प्टनहून निघून बर्गन, गायरांगर, वार्नेम्युंडे, टालिन आणि न्यूनेसहाम्न करत कोपनहेगनला उतरायचे होते. त्या कंपनीचे नाव इथे लिहीत नाही. परत आल्यावर मी आणखी काही कंपन्यांचे तिकिटाचे करार वाचले आणि अर्थ सगळीकडे तोच निघाला. म्हणून हे पत्र आपणा सर्वांना आहे.

आपल्या जाहिरातीत काय असते, ते आपणच ठरवता. बर्गनच्या धक्क्यावरची लाकडी घरे, गायरांगरच्या कड्यांवरून पडणारे धबधबे, बर्लिनचे ब्रांडेनबुर्ग गेट. जहाजावरचा पोहण्याचा तलाव बघायला साताऱ्याहून कोणी निघत नाही. माणसे पैसे मोजतात ते किनाऱ्यासाठी, आणि किनाऱ्याच्याच नावावर आपण ते घेता. तिकिटाच्या करारात मात्र किनारा येताच भाषा बदलते. किनाऱ्यावरच्या सहली स्वतंत्र ठेकेदार चालवतात, त्यांच्या चुकीला कंपनी जबाबदार नाही, असे तिथे लिहिलेले असते. सहल आपल्या संकेतस्थळावर विकली जाते, पैसे आपल्या खात्यात जमा होतात, पावतीवर आपले बोधचिन्ह असते. मग जबाबदारी तेवढी दुसऱ्याची कशी?

माझे वडील, नाना, एस.टी.त कंट्रोलर होते. एकतीस वर्षे त्यांनी स्टँडवर गाड्या लावल्या आणि सोडल्या. आपल्या कार्यक्रमपत्रिकेत चौथ्या बंदरापुढे ‘बर्लिन’ असे ठळक अक्षरांत छापले होते आणि त्यापुढे कंसात, बारीक अक्षरांत, ‘वार्नेम्युंडे’. नानांनी नकाशावर दोन्ही गावे शोधली आणि मला विचारले, “अगं, हे बर्लिन या बंदरापासून रस्त्याने सव्वादोनशे किलोमीटर आत आहे. मुंबईच्या धक्क्यावर उतरवून सातारा आलं म्हणायचं का? आमच्या गाडीवर साताऱ्याची पाटी असली, तर ती सातारा स्टँडला लागायची. न लागती तर माणसांनी काचा फोडल्या असत्या.” त्यांच्या या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. ते आपण द्यावे.

ही एकाच बंदराची गोष्ट नाही. ल हाव्रला उतरवून त्याला पॅरिस म्हणतात, ते सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. साउदॅम्प्टनला लंडन म्हणतात, न्यूनेसहाम्नला स्टॉकहोम म्हणतात. तिथून स्टॉकहोम जवळजवळ साठ किलोमीटर आहे. समुद्र कुठे संपतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? मग अंतर आणि प्रवासाचा वेळ बंदराच्या नावाशेजारी त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला अडचण कसली आहे?

आम्ही बर्लिनची सहल घेतली. जाताना बसने तीन तास, येताना तीन तास. मध्ये आधीच ठरलेल्या हॉटेलात जेवण. आदल्या महिन्यात अर्जात ‘शाकाहारी’ लिहून कळवले होते, तरी आईपुढे मासा आला आणि तो उचलून नेल्यावर उकडलेले बटाटे आले. नानांना बर्लिनची भिंत बघायची होती. 1989 मध्ये ती पडल्याची बातमी त्यांनी स्टँडवरच्या रेडिओवर ऐकली होती. त्या भिंतीपाशी आम्हाला पंधरा मिनिटे मिळाली. त्यातली सहा स्वच्छतागृहाच्या रांगेत गेली. बारा तासांच्या दिवसात प्रत्यक्ष शहर किती, हे सहल विकताना सांगितले असते, तर आम्ही तो दिवस जवळच्या रोस्टोकमध्ये आरामात घालवला असता. वार्नेम्युंडेच्या धक्क्यापासून चालत जाता येईल इतके जवळ रेल्वे स्टेशन आहे आणि लोकलने रोस्टोक अर्ध्या तासाच्या आत येते. हे मला तिथल्या दुकानदाराने सांगितले, आपल्या सहल-कक्षाने नाही.

आता टालिनविषयी. आईचे गुडघे दुखतात. सहल निवडताना आपल्या पत्रकात चालणाऱ्या माणसाचे चित्र होते आणि खाली एकच शब्द, ‘मध्यम’. टालिनचे जुने शहर दोन पातळ्यांवर वसलेले आहे. वरच्या टेकडीकडे एक लांब चढ जातो आणि एक आखूड, पायऱ्यांची गल्ली जाते. तिला तिथले लोक ‘लुहिके याल्ग’, म्हणजे आखूड पाय, म्हणतात. रस्ता गोट्यांचा, पावसाने निसरडा झालेला. आईच्या स्वेटरवर सतरा आकड्याची चिकटपट्टी होती आणि सतरा नंबरची पाटी उंच धरून वाटाडी पुढे चालली होती. अर्ध्या वाटेवर आई भिंतीला हात टेकून उभी राहिली, मग ओल्या पायरीवरच बसली. पाटी वळणाआड गेली. आई मला म्हणाली, “तू जा नानांबरोबर, मी इथंच बसते, मला काही होत नाही.” मी तिच्याजवळ बसले. आमच्यासमोरून आपल्याच जहाजाचे आणखी दोन गट गेले, अठरा आणि एकवीस. त्यांच्यातही दोघीतिघी आजीबाई कठड्याला धरून चढत होत्या.

मला विचारायचे आहे की त्या पायऱ्या किती आहेत, चढ किती आहे, बसायला जागा कुठे आहे, हे आपल्याला ठाऊक नाही का? दर उन्हाळ्यात आठवड्यामागून आठवडे आपण त्याच गल्लीतून माणसे नेता. हे ठाऊक असूनही ‘मध्यम’ या एका शब्दावर सत्तरीच्या माणसांना सहल विकली जाते. आणि टालिनचे जुने शहर धक्क्यापासून पायी वीस मिनिटांवर आहे. खालच्या चौकात बसून आईने आनंदाने दिवस काढला असता आणि त्यासाठी सहलीची गरजही नव्हती. ते कोणी सांगितले नाही, कारण सांगितले तर सहल विकली जात नाही.

उलट, भीती मात्र न चुकता विकली जाते. स्वतःच्या सोयीने फिरायला गेलात आणि उशीर झाला तर जहाज थांबणार नाही, आमच्या सहलीबरोबर असाल तर थांबेल, हे वाक्य आम्ही सफरीत किती वेळा ऐकले याची गणती नाही. वेळ पाळली पाहिजे, हे मला मान्य आहे. कंट्रोलरच्या घरात वाढलेल्या मुलीला ते शिकवावे लागत नाही. मार्च 2024 मध्ये आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर आठ प्रवासी मागे राहिले आणि जहाज निघून गेले, ही बातमी आम्हीही वाचली होती. पण या भीतीबरोबर माहितीही द्यायला नको का? बर्गनमध्ये फ्लॉयन डोंगरावर जाणारी रेल्वे 1918 पासून चालू आहे आणि तिचे स्टेशन भर गावात आहे. न्यूनेसहाम्नहून स्टॉकहोमला लोकल जाते, तासाभरात पोहोचवते. ही माहिती दडवायची आणि मग एकट्याने जाणे धोक्याचे आहे असे सांगायचे, याला आपण प्रवाशांची काळजी म्हणता का?

गायरांगरचा दिवस नानांनी वर्षभर उराशी धरला होता. हा फ्योर्ड 2005 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि ही सफर आम्ही निवडली ती त्याच्यासाठी. पहाटे कप्तानाने वाऱ्यामुळे तिथे जाणे रद्द केल्याचे जाहीर केले. नाना कोट घालून, गळ्यात दुर्बीण अडकवून डेकवर उभे होते. ते काही बोलले नाहीत, कॅबिनमध्ये जाऊन कोट काढून ठेवला. कप्तानाच्या निर्णयाबद्दल माझी तक्रार नाही. वारा कोणाच्या हातात नसतो, आणि माणसांचा जीव आधी. 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर सेंट पीटर्सबर्ग सगळ्या सफरींमधून गळाले, तेव्हाही प्रवाशांनी ते समजून घेतले. माझी तक्रार पुढची आहे. त्या दिवसाबद्दल आमच्या खात्यात परत आले ते बंदराचे शुल्क, तिघांच्या चहापाण्याला पुरेल एवढे. दहा वर्षांत गायरांगरला जायला निघालेली आपली जहाजे किती वेळा तिथे पोहोचू शकली नाहीत, हा आकडा प्रत्येक कंपनीच्या नोंदवहीत असणारच. तिकीट विकताना तो आम्हाला का दाखवला जात नाही?

कायदा आपल्या बाजूने आहे, याची मला कल्पना आहे आणि आपल्यालाही आहे. 1991 मध्ये ‘कार्निव्हल विरुद्ध शूट’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावर छापलेली अट ग्राह्य धरली. दाद मागायची तर कंपनीने ठरवलेल्या फ्लोरिडातच, मग प्रवासी देशाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा का असेना. 2022 मध्ये फेडरल मेरिटाइम कमिशनने परताव्याचे नियम सुधारले, पण ते सफरच रद्द झाली किंवा जहाजावर चढायला तीन दिवस वा अधिक उशीर झाला तर, आणि तेही अमेरिकी बंदरातून चढणाऱ्यांसाठी. आम्ही चढलो साउदॅम्प्टनला. 2013 मध्ये आपल्या उद्योगसंघटनेने प्रवाशांच्या हक्कांची सनद मोठ्या आवाजात जाहीर केली. ती मी पूर्ण वाचली. त्यात किनाऱ्यावरच्या सहलींबद्दल एक ओळ नाही.

युरोपात असे नाही. 2018 पासून तिथे लागू असलेल्या पॅकेज-प्रवासाच्या नियमांनुसार, पॅकेजमधली सेवा कोणीही पुरवली तरी उत्तरदायी पॅकेजचा आयोजक असतो आणि ठरलेली गोष्ट मिळाली नाही तर किंमत कमी करून मागता येते. ब्रिटनमध्येही तसेच नियम आहेत. आमच्या शेजारच्या कॅबिनमध्ये इंग्लंडचे एक वृद्ध दाम्पत्य होते. तेच जहाज, तोच वारा, तोच चुकलेला किनारा. त्यांनी तिकीट ब्रिटनमध्ये घेतले म्हणून त्यांच्या हाती हक्क आणि आम्ही एडिसनला घेतले म्हणून आमच्या हाती फक्त करार. तिथे जी जबाबदारी घेऊनही आपला धंदा चालतो, ती इथे घेतल्याने बुडेल का?

आणखी एक गोष्ट आमच्यासारख्या घरांची. आईनानांचे पासपोर्ट भारतीय. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, युरोपातल्या शेंगेन देशांचा वेगळा, आणि शेंगेनचा अर्ज साधारणपणे आपण राहतो त्या देशातच करावा लागतो. म्हणजे अमेरिकेला निघण्याआधी मुंबईत. मी स्वतः ग्रीनकार्डवर, मलाही दोन्ही लागले. हे आम्ही मराठी मंडळातल्या ओळखीच्यांना विचारून वेळेत केले म्हणून निभावले. बुकिंगच्या वेळी तिघांची राष्ट्रीयत्वे कंपनीने विचारली होती, मी ‘भारतीय’ लिहिले होते. त्यावर पैसे घेण्याआधी चार ओळींची सूचना पडद्यावर दिसायला हवी होती. ती आली नाही. करारात मात्र आहे की कागदपत्रे अपुरी असतील तर प्रवेश नाही आणि पैसेही परत नाहीत. अमेरिकेतल्या हजारो भारतीय घरांत दर उन्हाळ्यात आईवडील येतात आणि त्यांना कुठेतरी न्यावे म्हणून मुले अशा सफरी बघतात. आपण आमचे पैसे ओळखता. आमचे पासपोर्टही ओळखावेत.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. बंदराचे खरे नाव मोठ्या अक्षरांत छापा आणि त्याखाली शहराचे अंतर लिहा. प्रत्येक सहलीत बसचे तास किती, चालणे किती, पायऱ्या किती, हे आकड्यांत सांगा. धक्क्यावरून स्वतः जाण्याची सोय असेल तर तीही सांगा. कोणते बंदर किती वेळा चुकते, ते तिकिटाआधी दाखवा. आपल्या नावाने विकलेल्या सहलीची जबाबदारी आपली, असे करारात एका वाक्यात लिहा. आणि व्हिसाची सूचना पैसे घेण्याआधी द्या. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवे जहाज बांधावे लागत नाही.

मी आपल्या ग्राहक-कक्षाला दोनदा लिहिले. दोन्ही वेळा पुढच्या सफरीवर सवलतीचे कूपन आले. मला कूपन नको, उत्तर हवे आहे. आई आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि नाना अठ्ठ्याहत्तर. ते पुन्हा इतका लांबचा प्रवास करणार नाहीत. गायरांगर त्यांचे राहिले ते कायमचेच. पण यंदाच्या उन्हाळ्यातही कोणाचे तरी आईवडील आपल्या जहाजावर चढतील, छातीवर नंबर चिकटवून बसमध्ये बसतील आणि आपण छापलेल्या पाटीवर विश्वास ठेवतील. एस.टी.च्या साध्या लाल गाडीनेसुद्धा पाळलेला नियम आपण पाळावा: पाटीवर जे गाव लिहिले, तिथेच माणसाला उतरवावे, आणि ते शक्य नसेल तर तिकीट फाडण्याआधी तसे सांगावे.

आपली,
एडिसन, न्यू जर्सी येथील एक प्रवासी